‘सजेस्ट’ या एका नोंदीवरून पारखलेला ऑक्सफर्डचा इंग्रजी-चिनी कोश

कोशाची पारख त्यातील शब्दसंख्येवरून करण्यापेक्षा, शिकणारा जिथे हमखास अडखळतो अशी एखादी नोंद उघडून करावी, असे माझे मत आहे. त्यामुळे ‘ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स’ कोशाची कमर्शियल प्रेस या चिनी प्रकाशनसंस्थेने काढलेली इंग्रजी-चिनी आवृत्ती मी ‘सजेस्ट’ या क्रियापदापाशी थांबून वाचली.

चिनी भाषेत ‘जियेनयी’ (सुचवणे) या क्रियापदापुढे आधी ज्याला सुचवायचे तो माणूस येतो आणि लगेच त्याने करायची कृती. हीच रचना इंग्रजीत उतरवली की ‘आय सजेस्ट हिम टू गो’ असे चुकीचे वाक्य तयार होते. कोश इथे नुसता प्रतिशब्द देऊन थांबत नाही. ‘सजेस्ट’नंतर नाम, ‘इंग’कारान्त रूप किंवा ‘दॅट’ने जोडलेले उपवाक्य येते हे तो उदाहरणांसह दाखवतो आणि ‘सजेस्ट मी’ ही रचना चालत नाही असे स्पष्ट बजावतो. ‘सजेस्ट मी अ गुड बुक’ आपल्याकडेही सर्रास ऐकू येते, तेव्हा ही ताकीद आपणही मनावर घ्यावी. क्रियापदांच्या रचना अशा मांडून दाखवण्याची शिस्त ए. एस. हॉर्नबी यांची. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना त्यांनी सहकाऱ्यांसह रचलेला मूळ कोश १९४२ मध्ये तिथेच छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला.

सुचवणे, शिफारस करणे, दर्शवणे आणि आडून सांगणे हे अर्थ वेगवेगळ्या चिनी शब्दांनी विभागले आहेत, हे मला या नोंदीचे सर्वांत मोठे बळ वाटते. ‘आय सजेस्टेड दॅट ही गो’ यात ‘गो’ मूळ रूपातच राहते, पण ‘त्याच्या चेहऱ्यावरून तो थकलेला वाटत होता’ या अर्थाच्या वाक्यात ‘ही वॉज टायर्ड’ असा साधा भूतकाळ येतो. हा फरक चिनी विद्यार्थ्यांकडून परीक्षेसाठी घोटून घेतला जातो. अर्थ वेगळे दिसले की त्याचे कारणही उमगते.

छापील नोंदीत व्युत्पत्ती नाही, ही उणीव मात्र मला खटकते. लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खालून आणि ‘गेरेरे’ म्हणजे आणणे. पुढे आणली जाते ती कल्पना, माणूस नव्हे, एवढे एका ओळीत सांगितले असते तर नियम पाठ करावा लागला नसता. ऑक्सफर्डच्या मोफत संकेतस्थळावर ही माहिती मिळते, पण इंग्रजीतच.

दोन हजारांहून अधिक पानांचा हा जाड ग्रंथ नवशिक्याला जड जाईल. इंग्रजीत लेखन करू लागलेल्या चिनी विद्यार्थ्याला आणि त्याला शिकवणाऱ्या शिक्षकाला मात्र मी तो निःसंकोच घ्यायला सांगेन.