जुना राउटर: ओपनडब्ल्यूआरटी की डीडी-डब्ल्यूआरटी?

जुन्या राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून त्याजागी ओपनडब्ल्यूआरटी किंवा डीडी-डब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर टाकता येतं. म्हणून तो भंगारात देण्याआधी उलटा करा आणि तळाचं लेबल नीट वाचा. मॉडेलइतकाच त्यापुढचा 'व्ही२', 'व्ही३' हा आवृत्ती क्रमांक महत्त्वाचा, कारण तो बदलला की बरेचदा आतली चिपही बदललेली असते. चिप ब्रॉडकॉम या कंपनीची निघाली तर डीडी-डब्ल्यूआरटी घ्या. त्यात ब्रॉडकॉमचेच बंदिस्त ड्रायव्हर (चिप चालवणारे, कोड खुला नसलेले प्रोग्रॅम) असल्याने वायफाय नीट चालतं. ओपनडब्ल्यूआरटीत ते बहुधा लंगडतं.

बाकी चिपवर माझा कौल ओपनडब्ल्यूआरटीलाच. हवी ती पॅकेजं (जादा सोयींचे छोटे प्रोग्रॅम) घालता येतात, सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. ते राउटरमध्ये टाकल्यावर सहसा वायफाय बंदच असतं, घाबरू नका. संगणकाला केबल लावून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा आणि वायफाय सुरू करा. मात्र ४ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा) आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरसाठी १९.०७ ही ओपनडब्ल्यूआरटीची शेवटची मालिका. तिथे डीडी-डब्ल्यूआरटीची छोटी आवृत्ती बसते.