बॉक्सवर १०० मेगाहर्ट्झ, आत २० : पहिला स्कोप घेताना मी कशी फसले

पहिला ऑसिलोस्कोप (व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं त्याचं चित्र दाखवणारं यंत्र) घ्यायच्या विचारात असाल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. लांबलंय, पण मुद्दाम सगळं लिहितेय, कारण मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर पैसे वाचलेच असते, शिवाय जवळपास एक महिना आणि तीन चांगले डिस्प्ले वाचले असते.

माझं शिक्षण वेगळ्याच विषयातलं, इलेक्ट्रॉनिक्स हा छंद. दोन वर्षं मल्टीमीटर आणि ब्रेडबोर्डवर भागवलं. पण मल्टीमीटर सरासरी दाखवतो, पिनवर २.५ व्होल्ट दिसले तर ते सरळ २.५ आहेत की अर्धा वेळ ५ आणि अर्धा वेळ ० हे त्यावरून कळतच नाही, त्यामुळे कधीतरी स्कोप घ्यायचाच होता. कित्येक महिने पैसे साठवले. मग ऑनलाइन एक दिसला, हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा, दोन चॅनल, आणि मोठ्या अक्षरात १०० मेगाहर्ट्झ (ही बँडविड्थ, म्हणजे साधारण किती वेगाचा सिग्नल दिसू शकतो), १ गिगासॅम्पल (म्हणजे सेकंदाला शंभर कोटी बिंदू मोजणं). नावाजलेल्या कंपन्यांचे याच आकड्यांचे स्कोप कितीतरी महाग होते. मला वाटलं ते नावाचे पैसे घेतात, आणि इथे नाव नाही म्हणून स्वस्त.

रिव्ह्यू वाचले होते बरं का, न बघता घेतला असं नाही. शेकडो चांगले रिव्ह्यू, फोटोसकट. आज तेच फोटो परत बघते तेव्हा कळतं की जवळजवळ प्रत्येकात एकच गोष्ट आहे, स्कोपच्याच कॅलिब्रेशन पिनवरचा १ किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह, छान कोपरे असलेला. अहो, १ किलोहर्ट्झ कुठलाही स्कोप चौकोनी दाखवतो. डीएसओ१३८ नावाचा छोटा किट येतो, त्याची बँडविड्थ फक्त २०० किलोहर्ट्झ आहे आणि ते तसं उघड लिहिलेलं असतं, तोसुद्धा दाखवतो. ती पिन प्रोब (सर्किटला टेकवायची स्कोपची वायर) त्यावरचा छोटा स्क्रू फिरवून जुळवून घ्यायला दिलेली असते, बँडविड्थबद्दल ती काहीच सांगत नाही. म्हणजे ते सगळे लोक माझ्यासारखेच नवीन होते, डबा उघडला, चौकोन दिसला, पाच स्टार दिले. मी पण दिले होते, नंतर काढले.

आता खरं नुकसान कुठे झालं ते सांगते. मी एका मायक्रोकंट्रोलरला एसपीआयवर (दोन चिप्सनी काही वायरींवरून डेटा द्यायची पद्धत) छोटा डिस्प्ले जोडला होता, क्लॉक, म्हणजे प्रत्येक बिट कधी वाचायचा ते सांगणारा ठोका, ८ मेगाहर्ट्झ, वायरी साधारण वीतभर. मध्येच कचरा दिसायचा, कधी अर्धी ओळ सरकायची, कधी तासभर काहीच नाही आणि मग अचानक सगळं विस्कटायचं. स्कोप लावला, तर क्लॉक एकदम स्वच्छ. गोलसर होता, टेकड्यांसारखा, पण वरखाली कुठेही काटा नाही, खड्डा नाही. म्हटलं क्लॉक ठीक आहे म्हणजे डिस्प्लेच खराब. दुसरा मागवला, तेच. तिसरा, तेच. दरम्यान कोड चार वेळा लिहून झाला, सप्लायला कपॅसिटर लावून झाले, सोल्डरिंग परत परत करून झालं. तीन आठवडे रोज रात्री हेच. आणि प्रत्येक वेळी मी स्कोपवर क्लॉक बघून खात्री करून घ्यायचे की तिथे काही नाही.

माझा एक सिनियर आहे, त्याला मी दादाच म्हणते, त्याच्याकडे चांगला ४ चॅनलचा १०० मेगाहर्ट्झचा स्कोप आहे. शेवटी त्याच्याकडे सगळं घेऊन गेले. त्याने आधी प्रोबची ती लांब मगर-क्लिपवाली ग्राउंड वायर काढली आणि प्रोबच्या टोकाशी छोटी स्प्रिंग लावली, म्हणाला, "अगं, त्या लांब वायरमुळेच सिग्नल रिंग होतो, म्हणजे उडी मारल्यावर वरखाली झुलत राहतो, मग आपल्याला कळणार नाही की रिंगिंग सर्किटचं आहे की प्रोबचं." मग क्लॉकला लावला. मी जो टेकडीसारखा बघत होते तो चौकोनी होता, आणि प्रत्येक चढाच्या टोकाला एक उंच उसळी, तिच्यामागे खाली बुडी, परत वर, परत खाली. ती बुडी इतकी खोल जायची की डिस्प्लेला कधीकधी एका क्लॉकचे दोन क्लॉक मोजले जायचे, एक बिट पुढे सरकलं की पुढचा सगळा डेटा चुकीचा. दादाने कंट्रोलरच्या पिनपाशी क्लॉकमध्ये सिरीजमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर टाकला. झालं. दहा मिनिटं. खराब म्हणून वायरी तोडून टाकून दिलेले तीन डिस्प्ले चांगले होते.

हे डोळ्यांपुढे बघताना मला जे वाटलं ते अजून विसरता येत नाही. स्कोप बंद पडला असता, स्क्रीन कोरी राहिली असती तर मी दुसरीकडे बघितलं असतं. पण याने मला सुंदर, गुळगुळीत, खोटं चित्र दाखवलं आणि मी त्यावर विश्वास ठेवून चांगल्या वस्तू फेकल्या.

मग दादा म्हणाला तुझा स्कोप पण तपासू. त्याच्याकडे एक छोटा बोर्ड होता, ७४एसी१४ नावाच्या आयसीचा ऑसिलेटर, या आयसीची एज, म्हणजे सिग्नलचा चढ, एकदोन नॅनोसेकंदांत वर जाते. गणित सोपं आहे आणि प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे: ०.३५ ला बँडविड्थने भागलं की स्कोप स्वतः कमीत कमी किती वेळात वर जाऊ शकतो (राइज टाइम) ते मिळतं. १०० मेगाहर्ट्झला साडेतीन नॅनोसेकंद. त्याच्या स्कोपवर तीच एज ४ च्या आसपास आली, म्हणजे बरोबर. माझ्यावर १७. उलटं भागा, २० मेगाहर्ट्झ आले. प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहावा करून देणारी सेटिंग) होता, हे सांगणं गरजेचं आहे कारण १एक्सवर प्रोबचीच बँडविड्थ ६ ते १० मेगाहर्ट्झपर्यंत खाली येते आणि तेव्हा चांगला स्कोपही वाईट दिसतो. दुसरा प्रोब लावून पण बघितला, तेच १७.

आता त्या गोल टेकडीचा अर्थ लागला. चौकोनी लाट म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सी अधिक तिची तिप्पट, पाचपट, सातपट असं सगळं मिळून. ८ ची तिप्पट २४, पाचपट ४०. आणि माझा स्कोप २० ला सत्तर टक्क्यांवर आलेला, पुढे अजून घसरणारा. म्हणजे कोपरे बनवणारा भाग पुरेसा आतच येत नव्हता, आणि रिंगिंग तर त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीचं, ते कसलं दिसणार. बँडविड्थ म्हणजे तो आकडा जिथे सिग्नल आधीच तीस टक्के कमी दिसतो, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, मला वाटायचं तिथपर्यंत सगळं नीट दिसतं.

मग सॅम्पलिंग. मेनूमध्ये रेषा बंद करून नुसते ठिपके दाखवायची सोय होती. १ गिगासॅम्पल असेल तर दर १ नॅनोसेकंदाला एक ठिपका हवा. माझ्याकडे दर १० नॅनोसेकंदांना एक होता, म्हणजे १०० मेगासॅम्पल, लिहिलेल्याचा दहावा भाग. मधली सगळी वळणं त्याने ठिपके जोडून काढलेली.

विकणाऱ्याला लिहिलं. आधी उत्तर आलं की प्रोब १०एक्सवर करा. केलाय म्हटलं. मग व्हिडिओ पाठवा. पाठवला. अंधार आहे, परत पाठवा. मग दुसऱ्याच कुणाचं उत्तर, की १ गिगा हा इक्विव्हॅलंट सॅम्पलिंगचा आकडा आहे. म्हणजे एकच लाट परत परत येत असेल तर दर फेरीला थोडे थोडे बिंदू घेऊन चित्र पुरं करायचं. ही पद्धत खरी आहे, पण एकदाच येणाऱ्या बिघाडाला तिचा काही उपयोग नाही, आणि इनपुटचा ॲम्प्लिफायरच २० ला थकत असेल तर कितीही बिंदू घ्या, १०० मेगाहर्ट्झ कुठून येणार? हे विचारल्यावर थोडे पैसे परत घ्या आणि तक्रार मागे घ्या अशी ऑफर. मी नाही म्हटलं. प्रत्येक उत्तराला दोनतीन दिवस लावत होते, ते का हे मला उशिरा कळलं. वस्तू परत करायची मुदत संपत होती.

आणि इथे मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. रागाच्या भरात स्कोप उघडला. आत एडीसीवरचा (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) नंबर घासून काढलेला होता, नुसता खरवडलेला काळा चौकोन, हे बघून मला वाटलं आता तर पुरावाच मिळाला. फोटो पाठवला. उत्तर आलं, सील तुटलं आहे, परत घेता येणार नाही.

म्हणून सांगते, वस्तू हातात आली की पहिल्याच दिवशी तपासा, सील न तोडता. ७४एसी१४, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, आयसीच्या पायांना चिकटून सप्लायचा ०.१ मायक्रोफॅरॅड, इतकंच लागतं. ब्रेडबोर्डवर करू नका, त्याच्या पट्ट्याच सिग्नल बिघडवतात, कॉपरच्या तुकड्यावर आखूड वायरींनी सोल्डर करा. राइज टाइम मोजा, भागाकार करा. मोजताना व्हिडिओ काढून ठेवा आणि तक्रार प्लॅटफॉर्मच्या रिटर्न बटणातूनच करा, विकणाऱ्याशी चॅटवर बोलत बसू नका, तिथली तारीख कोणी मोजत नाही.

घ्यायच्या आधी मॅन्युअल शोधा. नीट कंपनीचं मॅन्युअल डाउनलोड होतं आणि त्यात गैरसोयीच्या गोष्टीही लिहिलेल्या असतात. उदाहरण म्हणून रिगॉलचा डीएस१०५४झेड बघा, ५० मेगाहर्ट्झच लिहिलेत, आणि १ गिगासॅम्पल हा एकच चॅनल चालू असताना, दोन असतील तर ५००, तीन किंवा चार असतील तर २५० मेगासॅम्पल, हे ते स्वतःच सांगतात. माझ्यावाल्याच्या पानावर "१०० एम" असं एके ठिकाणी होतं, पुढे हर्ट्झ की सॅम्पल काहीच नाही, आणि मी ते मनातल्या मनात पूर्ण केलं. व्होल्टेजचं पण तसंच, ४०० लिहिलं होतं, ते १०एक्स प्रोब धरून, मुळात इनपुटला ४०. कॅट रेटिंग (मेन्ससारख्या धोक्याच्या जागी वापरणं कितपत सुरक्षित ते सांगणारा शेरा) कुठेच नाही. या गोष्टीत तर जीव जाऊ शकतो, अशा स्कोपने घरच्या मेन्सला हात लावू नका.

बजेट कमी असेल तर खरं सांगणारा छोटा स्कोप घ्या. ऑडिओ, सेन्सर, सर्व्हो यांना २० मेगाहर्ट्झ भरपूर होतात, २० म्हणून विकला असता तर मी कदाचित आनंदाने घेतला असता आणि एसपीआयसाठी दादाकडे पहिल्याच आठवड्यात गेले असते.

पैसे परत मिळाले नाहीत. मी राइज टाइमच्या फोटोसकट एक स्टारचा रिव्ह्यू टाकला, बऱ्याच जणांनी वाचला, दोघांनी ऑर्डर रद्द केल्याचं खाली लिहिलं. पंधरा दिवसांत ते पानच गायब झालं. गेल्या आठवड्यात परत दिसलं, वेगळं नाव, बॉडीचा रंग वेगळा, स्क्रीनवर तोच १ किलोहर्ट्झचा फोटो, आणि आता त्यावर २०० मेगाहर्ट्झ लिहिलंय.