अर्धं तिकीट आणि बीडची रेल्वे: रोज वापरणारीचा अनुभव

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट लागतं. लालपरी असो, हिरकणी असो की शिवनेरी. घर बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आणि नोकरी बीडला, त्यामुळे ही सवलत मी जवळजवळ रोज वापरते. माहेर नगरचं (आता अहिल्यानगर), म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या बीडच्या रेल्वेनंही बरेचदा गेले-आले. दोन्हींत राज्य सरकारचा पैसा आहे. तो कुठे लागतो आणि कुठे पोचत नाही, हे रोजच्या प्रवासात जेवढं कळलं तेवढं लिहिते.

आधी पैशाचं. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, एक टप्पा सहा किलोमीटरचा. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. माझ्या रोजच्या वाटेला सहा टप्पे पडतात. म्हणजे पूर्ण तिकीट साठाच्या घरात, माझं तिशीच्या. जाऊन-येऊन रोजचे साठ रुपये वाचतात. पगार ज्यांचा मोठा आहे त्यांना ही रक्कम किरकोळ वाटेल. मी त्या पैशांची पोस्टात आरडी काढली आहे, आणि ती माझ्या एकटीच्या नावावर आहे.

माझ्या आरडीपेक्षा मोठा फरक गाडीत बसलेल्या बायकांकडे बघून कळतो. पूर्वी सकाळच्या गाडीत नोकरीवाल्या आणि कॉलेजच्या मुली दिसायच्या, बाकीच्या बायका काही काम निघालं तरच. आता बचत गटाच्या मीटिंगला, बँकेत केवायसीला, डोळे तपासायला, नुसतं बहिणीला भेटायला निघालेल्या बायका असतात. त्यातल्या कित्येक जणी एकट्याच येतात. ‘सोबत कोण येणार, त्याचंही तिकीट’ हा हिशोब आधी घरात व्हायचा आणि बाईचं जाणं राहून जायचं. परवा शेजारी बसलेल्या एका बाईनं कंडक्टरला सांगितलं, “दोन बायका, एक हाफ.” कंडक्टरनं मशीनवर सवलत निवडली, तिकीट फाडून हातात दिलं. तिनं उरलेले पैसे रुमालाच्या गाठीत बांधले आणि लेकीला म्हणाली, “उतरल्यावर तुला वह्या घेऊ.” काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून जाणाऱ्या बायका स्टँडवर येऊन एसटीची वाट बघू लागल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीनं या बदलाची मोजदाद कुणी करत नाही, करायला हवी.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. पासष्ट ते पंचाहत्तरच्या ज्येष्ठांना आधीपासूनच अर्धं तिकीट होतं. सासूबाईंनी आधार कार्डाला प्लॅस्टिकचं आवरण घालून ते पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आहे. नाथषष्ठीला पैठणला जायचं म्हणून त्या मुलाकडे भाड्याचे पैसे मागत नाहीत. ज्या वयात माणूस कुणाकडे काही मागायला लाजतं, त्या वयात ही मोकळीक मिळणं फार मोलाचं आहे. पुतणीला अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, तो बारावीपर्यंतच्या मुलींना मिळतो. एका घरातल्या तीन पिढ्या तीन वेगवेगळ्या सवलतींवर प्रवास करतात, असं मराठवाड्यात घरोघरी दिसेल.

आता इतर राज्यांशी तुलना. कर्नाटकानं ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या गाड्यांत पूर्ण मोफत प्रवास दिला. तेलंगणानं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, दिल्लीनं तर २०१९ मध्येच. आपल्याकडे फुकट का नाही, असं बरेच जण विचारतात. मला आपली पद्धत जास्त पटते. फुकट नाही, पण कुठल्याही गाडीला, कितीही लांबच्या प्रवासाला लागू आहे. रात्रीच्या गाडीनं पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्या मुलीला अर्ध्या पैशात चांगल्या गाडीत बसता येतं. शिवाय आपण निम्मे पैसे मोजलेत, हे त्या बाईलाही माहीत असतं आणि गाडीतल्या इतरांनाही. ‘फुकटे’ म्हणून कुणी बघत नाही.

मग उरलेले निम्मे पैसे कोण देतं? राज्य सरकार. एसटीत जवळपास तीस प्रकारच्या सवलती आहेत. त्या देऊन एसटीचं जे उत्पन्न बुडतं त्याची सरकार नंतर प्रतिपूर्ती करतं. माझा सगळा आक्षेप या ‘नंतर’वर आहे. प्रवासी आज बसतो, डिझेल आज जळतं, चालक-वाहकाचा घाम आज गळतो. पैसे मात्र मंत्रालयातून मंजूर होऊन कधी येतील त्यावर सगळं अवलंबून. मार्च २०२५ च्या पगाराच्या वेळी एसटी कर्मचाऱ्यांच्या खात्यात फक्त ५६ टक्के पगार जमा झाला, कारण सरकारकडून आलेली रक्कम तेवढीच होती. उरलेला पगार नंतर मिळाला. पण ज्या कंडक्टरनं महिनाभर माझं अर्धं तिकीट फाडलं, त्याच्या घरी त्या महिन्याचा किराणा आणि कर्जाचा हप्ता थांबला असेल, तर माझ्या वाचलेल्या तीस रुपयांचा आनंद कसा व्हावा?

त्याआधी २०२१-२२ चा संप आपण सगळ्यांनी पाहिला. एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मागणी होती. नोव्हेंबरपासून थेट एप्रिलपर्यंत खेड्यापाड्यांत लालपरी दिसली नाही. त्यासाठी नेमलेल्या समितीनं विलीनीकरण नाकारलं, पण पगारासाठी सरकारनं काही वर्षं आर्थिक मदत करावी असं सांगितलं. तेव्हापासून एसटीचा पगार जवळजवळ सरकारच्या मदतीवर आणि सवलतीच्या प्रतिपूर्तीवर उभा आहे. जून २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली, त्यात संचित तोटा १० हजार कोटींच्या वर दाखवला आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मला आजवर पटलेली नाही. एसटीच्या उत्पन्नावर राज्य सरकार १७.५ टक्के प्रवासी कर घेतं. म्हणजे लालपरीत बसणाऱ्या शेतमजुराच्या तिकिटातून कर जातो, आणि मग त्याच लालपरीला सरकार मदत म्हणून पैसे देतं. हा कर कमी करा अशी मागणी एसटीच्या संघटना वर्षानुवर्षं करत आहेत. विमानाच्या इंधनावरचा कर कमी करता येतो, तर एसटीवरचा का नाही? सवलतीच्या जाहिरातीवर जेवढं बोललं जातं, त्याच्या निम्मंही या करावर बोललं जात नाही.

सरकार तिकिटाचे पैसे देतं, गाडीचे देताना हात आखडता घेतं, असं माझं मत झालं आहे. करोनाच्या आधी एसटीकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर तो ताफा सोळा हजारांच्या खाली गेला. अर्ध्या तिकिटानं प्रवासी वाढले आणि गाड्या कमी झाल्या, मग गर्दी होणारच. पाच वाजता सुटणाऱ्या गाडीत उभं राहायला जागा मिळाली तरी समाधान मानणाऱ्या बायका महाराष्ट्रभर आहेत. आता अशोक लेलँडच्या नव्या गाड्या टप्प्याटप्प्यानं येऊ लागल्या आहेत, एकूण २,६४० ची मागणी नोंदवली होती. नव्या गाडीत बसलं की फरक लगेच कळतो, खिडक्या खडखडत नाहीत आणि घाटात इंजिन धापा टाकत नाही. एवढ्या गाड्या दर दोन-तीन वर्षांनी आल्या पाहिजेत.

सरकारला गाडीसाठी पैसे देता येतात, याचं उत्तम उदाहरण आपल्याकडेच आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी सरकारनं एसटीला या गाड्या घेऊन दिल्या आणि त्या चालवण्याचा खर्चही दिला. आधी तालुक्याला पाच गाड्या होत्या, पुढे सात झाल्या. वाडी-वस्तीवरची मुलगी आठवीनंतर घरी बसण्याऐवजी शाळेत दिसते, त्यात या निळ्या गाडीचा मोठा वाटा आहे. सवलत दिली आणि गाडीच नसेल तर सवलतीचा कागद घेऊन स्टँडवर उभं राहायचं. निळ्या बसमध्ये सरकारनं आधी गाडीची सोय केली. हीच पद्धत कामावर जाणाऱ्या बायकांसाठी, ठरावीक वेळेच्या गाड्यांसाठी का वापरू नये?

शहरांकडे बघितलं की हे अधिकच टोचतं. मुंबई, पुणे, नागपूर, ठाण्यात घर घेणाऱ्याला एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो. शहराच्या वाहतुकीसाठी दरवर्षी हमखास येणारा पैसा म्हणून तो योग्यच आहे. मेट्रोबद्दल माझी तक्रार नाही, पुण्यात बहिणीकडे गेले की मीही मेट्रोनंच फिरते. पण रोज पन्नास लाखांहून जास्त लोक ज्या एसटीनं जातात तिच्यासाठी असा एकही हक्काचा, ठरलेला झरा नाही. दर वर्षी अर्थसंकल्पात काय मिळेल त्यावर तिचं वर्ष ठरतं. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला आली, याचा माझ्या माहेरच्या लोकांना फार अभिमान आहे. म्हणून हे लिहिताना जीव तुटतो.

आता रेल्वे. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला तेव्हा अंदाजे खर्च ३५३ कोटी होता. आज तो ४,८०० कोटींच्या वर गेला आहे. रेल्वे केंद्राची असली तरी यातला निम्मा खर्च राज्य सरकारनं उचलला, नाहीतर हा मार्ग अजून कागदावरच असता. मुंबईच्या लोकलसाठीही राज्य असाच वाटा उचलतं. तिथल्या कामांसाठी १९९९ मध्ये जे महामंडळ काढलं, त्यात रेल्वेचे ५१ टक्के आणि राज्याचे ४९ टक्के. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गातही राज्याचा हिस्सा आहे. रेल्वे म्हणजे दिल्लीचं काम असं आपण धरून चालतो, पण मराठवाड्याचा रूळ महाराष्ट्राच्या तिजोरीतूनही पडला आहे.

आष्टीपर्यंतची गाडी २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली होती. बीडची १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. पहिल्यांदा बसले तेव्हा शेजारच्या आजोबांनी गाडी हलताना हात जोडले. तीस वर्षं मोर्चे, निवेदनं, उपोषणं बघितलेली माणसं ती. विघनवाडी, अमळनेर, कडा अशी नावं पिवळ्या पाटीवर वाचताना मलाही भरून आलं. बालाघाटाच्या डोंगरउतारावरून, ज्वारीच्या रानातून ही गाडी जाते, ते दृश्य रस्त्यावरून दिसत नाही.

वापरायला कशी आहे? तिकीट फार स्वस्त, बीड ते नगर पन्नास रुपयांच्या आत. एसटीत अर्ध्या तिकिटानंही शंभरच्या वर जातात. शौचालय आहे, ऐसपैस बसता येतं, सामान ठेवता येतं, लहान मूल असेल तर फार सोयीचं. पण एसटीनं तीन-साडेतीन तासांत होणाऱ्या अंतराला सुरुवातीच्या वेळापत्रकात पाच तासांहून जास्त वेळ धरला होता, आणि दिवसात एकच फेरी. अशा गाडीनं नोकरदाराला आणि विद्यार्थ्याला रोज जाता येत नाही. नगरला दवाखान्यात जाणाऱ्या पेशंटला त्याच दिवशी परत येता येत नाही. सणासुदीला, निवांत असताना मी रेल्वेनं जाते, घाई असली की एसटीनं.

इथेही पैशाचं तेच. राज्यानं रुळासाठी निम्मे पैसे दिले. गाडी किती वाजता सुटावी, किती फेऱ्या असाव्यात, हे ठरवताना राज्याचा आवाज कुठे ऐकू येत नाही. सासूबाई एसटीत फुकट, रेल्वेत मात्र पूर्ण तिकीट, कारण रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती परत सुरूच केली नाही. निम्मा खर्च देणाऱ्या राज्यानं सकाळी बीडहून आणि संध्याकाळी नगरहून अशी एक जादा गाडी मागून घ्यावी, आणि तिचा तोटा काही वर्षं सोसायची तयारी दाखवावी. मार्गाच्या एकूण खर्चापुढे तो तोटा फार थोडा असेल. बीडहून पुढे परळीचा टप्पा झाला की ही गरज आणखी वाढेल, कारण तिथून लातूर-परभणीकडच्या मार्गांना जोड मिळते.

ज्यांनी अजून अर्धं तिकीट वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. सवलत सुरू झाली तेव्हा बायकांना वेगळा अर्ज किंवा पास लागत नव्हता, कंडक्टर थेट द्यायचा; आत्ताचा नियम स्टँडवर विचारून घ्या. पंचाहत्तरीच्या सवलतीला वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र जवळ हवं, आधार चालतं. परराज्यात जाणाऱ्या गाडीत सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असते, पुढचं भाडं पूर्ण लागतं. दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आरक्षण करूनच निघा.