ड्रॅगन फ्रूट: सुकवलेली कटिंग पाठवावी की पिशवीतलं रोप?

बाग दोन-तीन वर्षांची झाली की छाटणीत एवढा माल निघतो, की तो विकायचा विचार सगळेच करतात. मग फांदी कापून, सुकवून तशीच द्यायची, की पिशवीत मुळ्या फोडून रोप म्हणून? मी दोन्ही विकलं आहे. रोपाला दर जास्त मिळतो, हे मान्य. काळी पिशवी आणि वर कोवळा फुटवा दिसला की घेणाऱ्यालाही धीर येतो.

अडचण वाहतुकीत आहे. पिशवीतल्या पहिल्या मुळ्या बारीक असतात, मातीला बांधून ठेवतील इतक्या दाट नसतात. वर फूटभर पाणीदार, जड खोड. रस्ता खराब लागला की खोड डुलतं, माती ढिली होते आणि मुळी बुडापाशीच तुटते. वरून काही कळत नाही, कारण खोड पुढे कितीतरी दिवस हिरवंच राहतं. लावल्यावर त्याला पुन्हा नव्यानं मुळ्या काढाव्या लागतात, आणि महिन्यानं फोन येतो, ‘रोपं जागची हलत नाहीत.’ माती ओली ठेवून पाठवावी, तर बंद खोक्यात बूड पिवळं पडतं, बोटानं दाबलं की साल सरकते. कोरडी ठेवावी, तर ढेकूळ फुटतं. माझं मन पिशवीवरून उडालं ते यामुळे. शिवाय वेल चढवायच्या एका खांबाला 4 या हिशेबानं एकरी 1600 ते 2000 रोपं लागतात. एवढ्या मातीचं भाडं कोण भरणार?

कटिंगला मेहनत आधी घ्यावी लागते. फांदी वर्षभराची, गडद हिरवी, जून झालेली हवी. बुडाचा गर पेन्सिलीसारखा तासून मधली कठीण दांडी थोडी उघडी करतो. मुळ्या तिथून जोमानं फुटतात, आणि खालची बाजू कुठली तेही घेणाऱ्याला कळतं. मग बुरशीनाशकात बूड बुडवून आठवडाभर सावलीत, जखमेवर कोरडी पांढरट खपली धरेपर्यंत. क्रेटमध्ये उभीच ठेवावी. आडवी पडली तर खालच्या अंगानं मुळ्या सोडते आणि शेंडा उजेडाकडे वळतो.

पॅकिंगला भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणि प्रत्येक थरात वर्तमानपत्र. काटे बारीक असले तरी शेजारच्या फांदीत घुसले की तिथून कूज सुरू होते. प्लास्टिक अजिबात नको. जातीचं नाव मार्करनं खोडावरच लिहावं, कारण लाल आणि पांढऱ्या गराच्या फळांच्या फांद्या एकत्र झाल्या तर नुसत्या नजरेनं वेगळ्या करणं अवघड.

पिशवीची एक बाजू मात्र भक्कम आहे. छाटणी फळं संपल्यावर होते आणि मागणी येते जून-जुलैत. इतके महिने सुकी कटिंग ठेवता येत नाही, रोप ठेवता येतं. मी त्यासाठी काही फांद्या झाडावरच राखून मे महिन्यात कापतो. ज्यांची बाग लहान आहे त्यांना हे कदाचित जमणार नाही. पहिल्यांदाच लागवड करणाऱ्यालाही रोप बरं. तो कटिंगला रोज पाणी घालतो आणि ती कुजते.

म्हणून आसपासच्या तालुक्यातला कोणी स्वतःची गाडी घेऊन आला, तर मी रोप देतो. लांबच्या ऑर्डरला रोप मागितलं तरी कटिंगच सुचवतो, आणि दरही त्या मानानं कमी लावतो.