दांडिया बाजारातला शनिवारचा वर्ग: युद्धे मोजताना

बडोद्याच्या दांडिया बाजारात, एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर, संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक दर शनिवारी सायंकाळी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या संख्यात्मक अभ्यासाचा वर्ग घेतात. वर्गाला नाव नाही आणि दारावर पाटीही नाही. शिकवणे मराठीत चालते, परिभाषा मात्र बहुतेक इंग्रजीच असते. राज्यशास्त्रात एम.ए. करणारी माझी पुतणी आणि मी, आम्ही दोघांनी दहा शनिवारांचा हा वर्ग नुकताच पूर्ण केला. कोणी जाण्याच्या विचारात असेल तर त्याच्या उपयोगी पडावे म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

पहिले तीन शनिवार संगणकाला हात लावू दिला जात नाही, आणि माझ्या मते हेच या वर्गाचे सर्वांत मोठे बळ आहे. मिशिगन विद्यापीठात जे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये सुरू केलेल्या ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ या युद्धांची आकडेवारी गोळा करणाऱ्या प्रकल्पाची राष्ट्रांची यादी छापून सरांनी प्रत्येकाच्या हाती दिली. ही यादी १८१६ पासून सुरू होते. पुतणीने साहजिकच आधी बडोदे संस्थान शोधले आणि ते तिला सापडले नाही. १९२० पूर्वीच्या काळासाठी राष्ट्र ठरण्याची अट अशी आहे, की लोकसंख्या किमान पाच लाख हवी आणि ब्रिटन व फ्रान्स या दोघांच्याही वकिलाती तेथे हव्यात. लोकसंख्येची अट बडोदे सहज पूर्ण करत होते. परंतु येथे होती ती रेसिडेन्सी, म्हणजे संस्थानावर देखरेख ठेवणारी इंग्रजांची कचेरी; वकिलात नव्हे. एकवीस तोफांची सलामी घेणारे संस्थान या हिशेबात राष्ट्र ठरत नाही. त्याच न्यायाने १८१७-१८चे इंग्रज-मराठा युद्धही दोन राष्ट्रांमधील युद्धांच्या यादीत नाही. साम्राज्याने आपल्या व्यवस्थेबाहेरच्या सत्तेशी केलेल्या युद्धांची जी वेगळी यादी आहे, तिच्यात ते जाऊन बसते. खडकीची लढाई पाठ्यपुस्तकात वाचत वाढलेल्या आम्हा मंडळींना हे ऐकून अस्वस्थ वाटले. पण कोणताही आकडा हाती आला की त्याआधी कोणीतरी व्याख्या केलेली असते, ही गोष्ट तेव्हाच मनात पक्की बसली.

कारगिलवरचा शनिवार मला विशेष मोलाचा वाटला. लढाईत वर्षभरात किमान एक हजार सैनिक मृत्युमुखी पडले तरच हा प्रकल्प त्या संघर्षाला युद्ध म्हणतो; उप्सला विद्यापीठाचा संघर्ष-नोंदणी कार्यक्रम पंचवीस मृत्यूंपासूनच संघर्षाची नोंद घेतो. कारगिलमध्ये भारताचे ५२७ जवान हुतात्मा झाले. पाकिस्तानी सैन्याने २०१० मध्ये आपल्या ४५३ मृतांची यादी प्रसिद्ध केली. सरांनी फळ्यावर बेरीज मांडली, ती झाली ९८०. भारताच्या अंदाजानुसार पाकिस्तानची हानी याहून बरीच जास्त होती आणि प्रकल्पाच्या यादीत कारगिल युद्ध म्हणूनच नोंदलेले आहे. मात्र हा निर्णय केवळ नोंदीपुरता राहत नाही. दोन लोकशाही राष्ट्रे आपसात युद्ध करत नाहीत, हा या विषयातील सर्वाधिक चर्चिला गेलेला सिद्धांत आहे. १९९९च्या उन्हाळ्यात दिल्ली आणि इस्लामाबाद या दोन्ही ठिकाणी निवडून आलेली सरकारे होती. पाकिस्तानातील लष्करी उठाव ऑक्टोबरमध्ये झाला. मृत्यूंचा हा उंबरठा जरा वर-खाली केला, की त्या सिद्धांताचा एक महत्त्वाचा अपवाद उभा राहतो किंवा पुसला जातो.

चौथ्या शनिवारपासून ‘आर’ या संख्याशास्त्रासाठीच्या संगणक-भाषेत काम सुरू होते. प्रकल्पाने तयार केलेल्या राष्ट्रांच्या सामर्थ्याच्या फाइलमध्ये एकूण लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, लोखंड-पोलाद उत्पादन, ऊर्जेचा वापर, सैन्यसंख्या आणि लष्करी खर्च अशा सहा गोष्टींतील प्रत्येक राष्ट्राच्या जागतिक वाट्याची सरासरी काढलेली असते. पुतणीने एका छोट्या देशाच्या सैन्यसंख्येची सरासरी काढली, तर ती ऋण आली. माहिती उपलब्ध नसेल तेथे या फाइलमध्ये उणे नऊ लिहिलेले असते आणि ते तिने वगळले नव्हते. सर रागावले नाहीत. तिच्याकडून त्या रकान्यातील एकेक वर्ष मोठ्याने वाचून घेतले. सहा वाट्यांच्या सरासरीच्या या निर्देशांकात १९९०च्या दशकाच्या मध्यापासून चीन अमेरिकेच्या पुढे दिसतो. लोकसंख्या आणि पोलाद यांना खर्चाइतकेच वजन दिल्याचा हा परिणाम आहे, हेही त्यांनी नीट उलगडून सांगितले.

तक्रार आहे ती शेवटच्या दोन शनिवारांबद्दल. राष्ट्रांच्या जोड्या करून विश्लेषण करायचे म्हटले, तर १९० राष्ट्रांच्या एका वर्षात १७,९५५ जोड्या होतात आणि जवळजवळ सगळ्यांपुढे युद्धाच्या रकान्यात शून्यच असते. अशा दुर्मिळ घटनांवर साधे रिग्रेशन, म्हणजे काही घटकांवरून एखाद्या गोष्टीचा अंदाज बांधण्याची गणिती पद्धत, का चालत नाही, हा भाग पाऊण तासात उरकला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील मतदानाचा अभ्यास अभ्यासक्रमात छापलेला होता, तो झालाच नाही. पहिल्या तीन शनिवारांचा निवांतपणा मला हवाच आहे, त्यामुळे दहाऐवजी बारा शनिवार ठेवणे हाच योग्य उपाय ठरेल आणि तसे मी सरांना सांगितलेही आहे.

जागा बारा जणांचीच आहे आणि संगणक दोनच असल्यामुळे स्वतःचा लॅपटॉप नेणे सोयीचे पडते. संख्याशास्त्राची पूर्वतयारी नसली तरी चालते; सरासरी आणि टक्केवारी येत असली म्हणजे पुरे. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असून, राहिलेल्या मतदानाच्या धड्यासाठी पुतणीने तिच्यात पुन्हा नाव घातले आहे.