टोकन देण्याआधी महारेराचं पान उघडा

पुण्याजवळच्या मोशीत आम्ही टू बीएचके बघत होतो. पहिलंच घर, दोघांच्या पगारातून साठवलेले पैसे. साइट ऑफिसातला मुलगा म्हणाला, "मॅडम, आज एक लाख टोकन टाका, सोमवारपासून रेट वाढतोय." यांनी चेकबुक काढलंच होतं. मी म्हटलं, आजची रात्र जाऊ दे.

महारेरा म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण. ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात त्याच्याकडे नोंदलेल्या प्रकल्पांच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड छापावा लागतो. तो स्कॅन केला की त्या प्रकल्पाचं पान उघडतं. पैसे लागत नाहीत. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं ते वाचत बसलो ते बारा वाजेपर्यंत, आणि माझे डोळे उघडले. बिल्डर आपल्याला तोंडी काय सांगतो आणि सरकारला काय लिहून देतो, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

आम्हाला पुढच्या दिवाळीचा ताबा सांगितला होता. पानावरची तारीख त्यानंतर दोन वर्षांची. आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, अपलोड केलेली मंजुरी आठ मजल्यांची.

सगळ्यात मोठा फरक कार्पेटमध्ये, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेत निघाला. ब्रोशरवर 640 चौरस फूट होतं. पानावर 51.20 चौरस मीटर. 10.764 ने गुणलं, 551 आले. पुन्हा गुणलं, तेच. रेरा कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. बिल्डरने बाल्कन्या मिसळून आकडा फुगवला होता. बाल्कनी मिळणारच, पण खोल्या तेवढ्या लहान. रविवारी टेप घेऊन सॅम्पल फ्लॅटला गेले. बेडरूममधला पलंग मोजला तर पाच फूट आठ इंच लांब! आमचे हे पाच फूट दहा. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड करून घेतलेला. तिथेच ठरवलं, इथे घर घ्यायचं नाही.

या पानावर डोळे मिटून विसंबू मात्र नका. कागद बिल्डरनेच चढवलेले असतात, जमिनीच्या मालकीचा टायटल रिपोर्टही त्याच्याच वकिलाचा. पुढे जे घर घेतलं, त्यासाठी आम्ही आपला वकील लावून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च, सातबारा आणि फेरफार तपासून घेतले. तो खर्च वाचवू नका. जागा 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर महारेराकडे नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे तसे लहान प्रकल्प तिथे सापडतीलच असं नाही. तिथे तर वकिलाशिवाय पाऊल टाकू नये.

आणि टोकनबद्दल. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, कायदाच आहे तसा. "आधी वीस टक्के भरा, अॅग्रीमेंट नंतर करू" असं कुणी म्हणालं तर उठून या.

शेवटी चिखलीत घर घेतलं. तिथल्या प्रकल्पाच्या पानावर करारनाम्याचा मसुदा होता. त्याची प्रिंट काढली, आमच्या हातात दिलेला करार शेजारी ठेवला आणि पेन्सिल घेऊन कलमं ताडली. मसुद्यात पार्किंगच्या क्रमांकासाठी जागा सोडलेली होती, आमच्या करारात ती ओळच नव्हती. ती घालून घेतली, पान नव्याने छापून घेतलं, आणि मगच सह्या करायला रजिस्ट्रार ऑफिसला गेलो.