कुवेतचा फगा बाजार (अल-रई): वाळवंटातलं ट्रफल घ्यायचं तर इथे या

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार कापला तो भावासाठी.

कुवेतमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांना हा बाजार माहीतच नसतो. थंडीत, साधारण जानेवारी ते मार्च, अल-रईमध्ये फग्याचे स्टॉल लागतात. फगा म्हणजे वाळवंटात उगवणारं ट्रफल (जमिनीच्या आत वाढणारी अळंबी), दिसायला माती लागलेल्या बटाट्यासारखं. लिबिया, अल्जेरिया, सौदी असा सगळीकडचा माल येतो, लोकल माल कमीच आणि तो आला की भाव लगेच वर.

मी ज्यांच्याकडून घेतलं ते वयस्कर गृहस्थ स्वतः वाळवंटात जाऊन शोधणारे, त्यामुळे खरेदीपेक्षा त्यांच्याशी गप्पाच जास्त झाल्या (मोडकंतोडकं हिंदी येतं त्यांना, इथे बऱ्याच जणांना येतं). युरोपात ट्रफल शोधायला शिकवलेला कुत्रा लागतो, आधी डुकरं पण वापरायचे पण ती जमीन उकरून नासधूस करतात म्हणून इटलीत १९८५ पासून डुकरांना बंदी आहे. इथे प्राणी वगैरे काही नाही, सगळा खेळ नजरेचा. कारण हा फगा जमिनीच्या अगदी वरच्या थरात वाढतो आणि फुगला की वरची कडक माती उचलतो.

त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला तो मी दोनदा बघितला. सपाट जमीन, मध्ये तळहाताएवढा उंचवटा आणि त्यावर तीन-चार बाजूंना गेलेल्या बारीक भेगा, बस एवढंच. जवळच एक बुटकं झुडूप, त्याला इथे रगरूग म्हणतात, त्याच्या मुळांवरच फगा जगतो म्हणून आधी झुडूप शोधायचं आणि मग भेग. जायचं पहाटे नाहीतर ऊन कलल्यावर, कारण तेव्हा एवढ्याशा उंचवट्याची पण लांब सावली पडते, भर दुपारी समोर असला तरी दिसणार नाही. सळी बाजूने तिरकी घालून अलगद उचलायचा, वरून खुपसली तर फुटतो आणि भाव गेला. काढल्यावर त्यांनी खड्डा पायाने परत बुजवला, ते मला फार आवडलं.

आणि हे सगळं पावसावर. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या पावसाला इथे वस्म म्हणतात, तो चुकला की नंतर कितीही पडला तरी उपयोग नाही असं ते म्हणाले. आपल्याकडे अळंबी काढणारी माणसं पहिल्या पावसाचा हिशोब ठेवतात, तोच अभ्यास इथे.

हौसेने स्वतः शोधायला जायचं असेल तर माहीतगार माणसाशिवाय अजिबात जाऊ नका. १९९०-९१ च्या युद्धातले सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा अजूनही वाळवंटात सापडतो, पावसाने वाळू हलली की वर येतो. सीरिया आणि इराकमध्ये तर फगा शोधताना सुरुंगावर पाय पडून माणसं गेली आहेत. दिनार जास्त गेले तरी चालतील, बाजारातूनच घ्या.

आता खरेदीचं. झुबैदी म्हणजे पांढरा, मोठा, महाग. खलासी हा दुसरा प्रकार, लालसर आणि चवीला जास्त उतरतो असं माझं मत. मी मध्यम झुबैदी १२ दिनार किलोने घेतला, घासाघीस चालते. दाबून बघा, टणक पाहिजे, मऊ लागला किंवा बारीक भोकं दिसली तर सोडून द्या. बिनधास्त एक कापून दाखवायला सांगा, चांगला विक्रेता कापतो. दुसऱ्या एका स्टॉलवर हात लावायला पण तयार नव्हते, तिथून मी सरळ निघालो.

ट्रफल ऑइलचा तो उग्र वास डोक्यात ठेवून जाल तर वास कमी वाटेल. फगा सौम्य असतो, खमंग, चावताना छान लागतो. घरी आल्यावर भिजवा, ब्रशने घासा, साल काढा, फोडी करून परत दोन-तीन पाण्यातून काढा, फटीत वाळू राहिली तर सगळी भाजी कचकच लागते. मग साजूक तूप, कांदा, मिरी, मीठ, संपलं. गरम मसाला, खोबऱ्याचं वाटण काही नको, त्याच्याखाली चव पार दबून जाते. दुसऱ्या दिवशी उरलेला भातात घातला तो त्याहून चांगला लागला. उरलाच तर प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, पाणी सुटून बुरशी येते, कागदी पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.